खाट कुठे अडते, पैसा कुठे मुरतो

वाचकांचे प्रश्न : या वेळी दवाखान्यांचा जमाखर्च

प्रश्न : पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये आहे. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी चार दिवस ८,००० रुपयांची खोली घेतली. वरचे ३,००० रुपये रोज आपण भरायचे, म्हणजे १२,००० जातील असे वाटले होते. ३,२०,००० च्या बिलातून कंपनीने १,२०,००० कापले. बिलाची फोड सोबत पाठवतो. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : कंपनी थोडी बरोबर आहे, बरीच चूक आहे.

मोठ्या खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की भाडे तर वाढतेच, शिवाय सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग या सगळ्यांचे दरही वाढतात. म्हणून कंपनी ५,००० भागिले ८,००० करून ६२.५ टक्केच रक्कम देते. पॉलिसीत तसे लिहिलेले असते, फक्त ते सहसा बिल हातात आल्यावर वाचले जाते. मात्र हे प्रमाण बिलातल्या प्रत्येक ओळीला लावता येत नाही. औषधे व वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ते लागू नाही, असे विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. आयसीयूच्या आकारालाही नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे तर खोलीभाडे सोडून बाकी कशालाच नाही.

आता तुमची फोड बघा. खोलीचे ३२,००० होते, त्यातले २०,००० मिळतील. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,०००, त्यातले १,००,००० मिळतील. औषधे ५०,०००, प्लेट-स्क्रू ४८,०००, एक्स-रे व रक्ततपासण्या ३०,०००, हे १,२८,००० पूर्ण मिळायला हवेत. एकूण देय २,४८,०००. तुम्हाला २,००,००० मिळाले. कंपनीने ६२.५ टक्क्यांची कात्री सरसकट फिरवली आहे आणि तुमचे ४८,००० अडकले आहेत.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ही मांडणी एका पानावर लिहून ईमेल करा. ‘अन्याय झाला’ वगैरे काही लिहू नका, फक्त आकडे लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही आणि वकील चालत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पुढच्या नूतनीकरणाला खोलीभाड्याची मर्यादा काढून घेता येते का ते विचारा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, ती बचत इथे घाला.

प्रश्न : आमचे ३० खाटांचे नर्सिंग होम आहे. रोज सरासरी २४ खाटा भरलेल्या असतात, रुग्ण सरासरी चार दिवस राहतो. तरीही दुपारी खाट नाही म्हणून रुग्ण परत पाठवावे लागतात. वरचा मजला घेऊन आठ खाटा वाढवाव्यात का? – एक डॉक्टर, मुलुंड

उत्तर : मजला घेण्याआधी एक आठवडा दोन वेळा नोंदवा : राउंडला ‘उद्या नको, आजच घरी’ असे सांगितले ती वेळ, आणि खाट पुसून पुढच्या रुग्णाला दिली ती वेळ. बहुतेक ठिकाणी पहिली वेळ सकाळी ९ ची आणि दुसरी संध्याकाळी ५ ची निघते. ते आठ तास बरा झालेला माणूस कपडे घालून खाटेवर बसलेला असतो.

हिशोब सोपा आहे. भरलेल्या खाटा भागिले राहण्याचे दिवस म्हणजे रोजचे रुग्ण. २४ भागिले ४, म्हणजे ६. आठ तासांचे तीन केलेत तर प्रत्येक रुग्णामागे पाच तास सुटतात, ९६ तासांचा मुक्काम ९१ वर येतो. तेवढ्याच भरलेल्या खाटांवर महिन्याला १८० ऐवजी १९० रुग्ण होतात. मजला नाही, भाडे नाही, नवी सिस्टर नाही. शिवाय अडचण दुपारी १२ ते ५ मध्येच आहे आणि नेमके तेच तास मोकळे होतात.

वेळ कुठे जातो? उरलेली औषधे फार्मसीत परत जाऊन क्रेडिट पडण्यात, एखादा रिपोर्ट यायचा राहिल्यात, डिस्चार्ज समरी टाइप करून सहीसाठी थांबण्यात आणि टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेत. ही कामे आदल्या दिवशी होऊ शकतात. संध्याकाळी ६ ला ‘उद्या जाणार’ अशी यादी काढा. डॉक्टरांना खात्री नसली तरी काढा, दहातली दोन नावे चुकली तरी बिघडत नाही. रात्रपाळीने औषधे परत करून बिल तोवरच्या तारखेपर्यंत जुळवावे, समरीचा मसुदा तयार ठेवावा. सकाळचा राउंड जाणाऱ्यांपासून सुरू करावा. सवयीने तो आयसीयूपासून सुरू होतो. तिथे कोणी अस्थिर असेल तर ते योग्यच आहे, नसेल तर नुसती सवय आहे.

टीपीएबद्दल सगळेच ओरडतात, पण नियम आता रुग्णालयाच्या बाजूचा आहे. अंतिम मंजुरीची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने उत्तर द्यायचे असते, उशिरामुळे रुग्णालयाने जास्त आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो. पण घड्याळ विनंती पोहोचल्यावर सुरू होते. तुम्ही कागद दुपारी १ ला पाठवलेत तर ४ वाजणारच. त्यातून समरीवर सही नाही, इम्प्लांटचा स्टिकर नाही किंवा केसपेपरची दोन पाने स्कॅन झाली नाहीत, तर क्वेरी येते आणि पुन्हा पहिल्यापासून. स्टिकर थिएटरमध्येच केसपेपरला चिकटवायचा, नंतर तो कचऱ्यात शोधावा लागतो.

एक गोष्ट मात्र कापू नका : दोन रुग्णांमधली खाटेची, गादीची, मॉनिटरच्या वायरींची सफाई. तिथे वाचवलेली वीस मिनिटे जंतुसंसर्गाने तीन दिवसांनी लांबलेल्या मुक्कामात परत जातात.

थिएटरही बघा. पहिली केस ८ ची आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयातली केस संपवून एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमधून ८.४५ ला, असे रोज होत असेल तर दिवसाची शेवटची केस उद्यावर जाते. तो रुग्ण उपाशी राहून एक रात्र फुकट खाट धरतो. आठवड्यातले तीन दिवस पहिल्या केससाठी एकच भूलतज्ज्ञ बांधून घ्या, थोडे जास्त मानधन द्यावे लागले तरी.

प्रश्न : आमच्या मंडळाला पाच डायलिसिस यंत्रे देणगीत मिळाली आहेत, जागा आमचीच आहे, बँकेत ४० लाख आहेत. एका डायलिसिसला ३०० रुपये घेण्याचा विचार आहे. केंद्र किती वर्षे चालेल? – कार्यकर्ते, भांडुप

उत्तर : ३०० रुपयांत चालवले तर जेमतेम दहा महिने. कसे ते लिहितो. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत, तुमची कोटेशने आली की बदला, मांडणी तीच ठेवा.

पाचपैकी एक यंत्र राखीव ठेवा. सगळी यंत्रे रुग्णांनी भरली आणि एक बिघडले, तर सहा रुग्णांना तुम्ही कुठे पाठवणार? चार यंत्रे, तीन पाळ्या, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ३१२ सेशन. एका रुग्णाला आठवड्यातून तीनदा यावे लागते, म्हणजे क्षमता २४ रुग्णांची. कोणी ॲडमिट होतो, कोणी गावी जातो, जुलैत गाड्या बंद पडतात, म्हणून प्रत्यक्षात २७० धरा.

प्रत्येक सेशनला नव्याने लागणारा खर्च, म्हणजे डायलायझर (रक्त गाळणारी नळी), ट्यूबिंग, सुया, सलाइन, हेपॅरिन, ॲसिड आणि बायकार्बोनेट, हा ६०० धरू. महिन्याचा ठरलेला खर्च असा : चार टेक्निशियन १,००,०००, सिस्टर ३०,०००, दोन मदतनीस ३२,०००, किडनीतज्ज्ञांची भेट ४०,०००, वीज-पाणी ३५,०००, यंत्रे व आरओची देखभाल २५,०००, जैववैद्यकीय कचरा, विमा वगैरे १२,०००. आणि जी ओळ प्रत्येक मंडळ विसरते ती : नव्या यंत्रांसाठी बाजूला काढायचे पैसे. पाच यंत्रे प्रत्येकी सात लाखांची आणि आठ वर्षे चालणारी धरली तर महिन्याला साधारण ३६,०००. देणगीत मिळालेले यंत्रही म्हातारे होतेच. बेरीज ३,१०,०००.

२७० सेशनना एकूण खर्च ४,७२,०००, म्हणजे एका सेशनला सुमारे १,७५०. हेच केंद्र दोनच पाळ्यांत १८० सेशनवर चालवले, तर ठरलेला खर्च जवळजवळ तेवढाच राहतो आणि एक सेशन २,३०० च्या वर जाते. म्हणून तिसरी पाळी सुरू होणे हे देणगीच्या पावतीइतकेच मोलाचे. नोकरी टिकवून असलेले रुग्ण संध्याकाळची पाळी मागतात. केंद्र स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असेल तर ती लवकर भरते.

३०० प्रमाणे जमा ८१,०००, तूट महिन्याला ३,९१,०००. आणखी वाईट म्हणजे ३०० हे सामानाच्या ६०० पेक्षाही कमी आहेत. म्हणजे रुग्ण वाढला की तूट वाढते, केंद्र जितके चांगले चालेल तितक्या लवकर बंद पडेल. दर निदान सामानाच्या खर्चाइतका तरी ठेवा, आणि ज्याला तोही झेपत नाही त्याचे सेशन नावानिशी एखाद्या देणगीदाराच्या खात्यावर टाका. ‘आजीच्या नावे वर्षभर महिन्याला चार सेशन’ असे मागितले की लोक देतात. ‘केंद्रासाठी मदत’ असे मोघम मागितले की गणपतीत एकदा देतात.

दुसरा आधार राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. अंगीकृत केंद्र होण्यासाठी अर्ज करा, पण त्या पैशांवर पहिल्या महिन्यापासून विसंबू नका. दावा भरणे, त्रुटी, पुन्हा भरणे यात वेळ जातो. तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे १४ लाख, हात न लावता ठेवा. ४० लाखांतून तो वजा करूनच बाकीचे बेत करा.

आता पाणी. डायलिसिस केंद्रे पैशाअभावी बंद पडतात, पण रुग्ण पाण्याने दगावू शकतो. मिनिटाला ५०० मिली या वेगाने चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागते, धुणे-भरणे धरून १५०. आरओ निम्म्याच्या आसपास पाणी सोडून देतो, म्हणजे एका सेशनला महापालिकेचे ३०० लिटर धरा. बारा सेशनना रोज ३,६०० लिटर. दोन दिवसांची साठवण ठेवा. मे-जूनमध्ये पाणीकपात लागली की सोसायटीच्या टाकीवर अवलंबून राहता येत नाही, आणि टँकरचे पाणी तपासल्याशिवाय आरओत घेता येत नाही. सोडून दिलेले पाणी शौचालयांना वापरा.

क्लोरीन आणि क्लोरामाइन आरओच्या पडद्याने थांबत नाहीत, त्यांना कार्बन टाकीच लागते. ती थकली की क्लोरामाइन रक्तात जाऊन तांबड्या पेशी फुटतात. प्रत्येक पाळीआधी कार्बन टाकीनंतरच्या पाण्यात एकूण क्लोरीन तपासा. ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर पाळी सुरू करायची नाही, बाहेर कितीही जण बसलेले असोत. हा अधिकार टेक्निशियनला लेखी द्या. नाहीतर तो अध्यक्षांच्या फोनची वाट बघतो.

डायलायझर पुन्हा वापरणार असाल तर प्रत्येक वेळी त्याची क्षमता मोजा, मूळच्या ८० टक्क्यांखाली आली की फेकून द्या. पैसे वाचवायला ७० पर्यंत ताणले तर रक्त नीट शुद्ध होत नाही, रुग्ण धाप लागून इमर्जन्सीत जातो आणि तिथले बिल कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. हेपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाला वेगळे यंत्र लागते आणि त्याचा डायलायझर पुन्हा वापरायचा नाही. तुमच्याकडे पाचच यंत्रे असताना असे रुग्ण घ्यायचे की शेजारच्या मोठ्या केंद्राशी आधीच बोलून ठेवायचे, हे उद्घाटनाच्या आधी ठरवा.

प्रश्न : महात्मा फुले योजनेच्या कार्डावर उपचार मोफत, मग पैसे भरतो कोण? आणि केईएमची ओपीडीची रांग कमी का होत नाही? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आपणच भरतो, कररूपाने. २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोक थेट खिशातून देत होते, २०२१-२२ मध्ये ते ३९.४ वर आले. सरकारचा वाटा त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्के म्हटले होते.

कार्डावरचे पाच लाख एका कुटुंबाला वर्षाला आहेत, माणशी नाहीत. रुग्णालयाला प्रत्येक उपचारासाठी ठरलेले पॅकेज मिळते, औषधे आणि इम्प्लांट त्यातच येतात. ‘पॅकेज परवडत नाही, वरचे तुम्ही द्या’ असे कोणी म्हटले तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा.

योजना प्रामुख्याने ॲडमिट होणाऱ्यांसाठी आहे, साध्या ओपीडीच्या औषधांसाठी नाही. म्हणून बीपीच्या गोळ्या घ्यायलाही लोक केईएमला जातात आणि हृदयाच्या झडपेच्या रुग्णाच्या पुढे उभे राहतात. गोळ्या, साखर, बीपी यांसाठी पालिकेचा जवळचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’ गाठा. तिथे एकदा गोळ्या संपल्या आहेत असे ऐकलेला माणूस पुन्हा फिरकत नाही, ही खरी मेख. दवाखान्याने रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक पंधरवड्याचा राखीव साठा, एवढ्यावर आले की मागणी पाठवायला हवी. डबा रिकामा झाल्यावर पाठवायची नाही.

प्रश्न : धर्मादाय रुग्णालयात सवलतीसाठी काय न्यावे? – एक वाचक, दहिसर

उत्तर : वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन गटात मोफत, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल गटात सवलतीच्या दराने. दोन्हींसाठी १०-१० टक्के खाटा राखीव आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड न्या. बिलिंग काउंटरवर विचारू नका, समाजसेवा अधिकाऱ्याकडे जा, आणि ॲडमिट होतानाच अर्ज द्या. डिस्चार्जच्या दिवशी दिलेल्या अर्जावर ‘आधी सांगायला हवे होते’ असे उत्तर मिळते. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागता येत नाही. मागितलीच तर पावती घ्या आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.