खटका पडतोय म्हणून काढून टाकू नका

पावसाळा तोंडावर आला की सांगली-मिरजेकडून मला येणारे प्रश्न ठरलेले असतात. भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात, गीझर लावला की लाईट जाते, नळाला करंट उतरतो. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: हे वाचून कुणीही स्वतः बोर्ड उघडायचा नाही.

प्रश्न : आमच्या घरात सगळीकडे एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारे खटके) आहेत. मेनजवळ आरसीसीबीही (करंटची गळती झाली की पडणारा खटका) होता, पण गेल्या पावसाळ्यात तो रोज पडायचा. वायरमनने शेवटी त्याला वळसा घालून वायर टाकून दिली. तेव्हापासून काही त्रास नाही. एमसीबी असल्यामुळे काळजी नाही ना? (विश्रामबाग)

काळजी आहे, आणि हे उत्तर वाचताय त्या क्षणीही आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एमसीबी हा माणसासाठी नसतो, वायरसाठी असतो. 16 अँपिअरचा एमसीबी पडतो तो त्याहून जास्त भार टिकून राहिला किंवा शॉर्ट झाला तरच. माणसाच्या छातीतून 100 मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दहावा भाग गेला, तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. 230 व्होल्टला तेवढा करंट म्हणजे जेमतेम 23 वॅटचा दिवा. घरात एक दिवा जास्त लागला म्हणून एमसीबी कशाला पडेल? माणूस चिकटलेला असतो आणि एमसीबी आपल्या जागी शांत असतो.

आरसीसीबी (पुष्कळ जण त्याला ईएलसीबी म्हणतात) वेगळा हिशेब ठेवतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, एवढंच तो पाहतो. कमी आला, तर उरलेला कुठेतरी जमिनीत चालला आहे: अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा कुणाच्या तरी अंगातून. गळती 30 मिलिअँपिअरला पोचली की सेकंदाचा तिसरा हिस्सा व्हायच्या आत तो लाइन तोडतो.

म्हणजे तुमचा आरसीसीबी रोज पडत होता, कारण तुमच्या घरात रोज गळती होत होती. तो बिघडला नव्हता, बोलत होता. गीझरचं एलिमेंट चिरलेलं असेल, बोअरच्या मोटरच्या केबलचा जोड भिजला असेल, गच्चीवरच्या होल्डरमध्ये पाणी गेलं असेल, किंवा इन्व्हर्टर बसवताना दोन लाइनचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले असतील. सगळे प्लग काढून, एकेक लाइन वेगळी करून, मेगर (वायरचं आवरण करंट अडवतं की नाही हे मोजणारं यंत्र) लावून हे सापडतं. त्याला अर्धा दिवस लागू शकतो. वळसा घालायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून वळसा घातला जातो.

काही वर्षांपूर्वी एका घरी वॉशिंग मशीनला झिणझिण्या येतात म्हणून गेलो होतो. आरसीसीबी दिमाखात वर होता. टेस्टचं बटण दाबलं, खटका पडला, आणि डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. तिथेही वळसा घातलेला होता. त्या घरात दोन लहान मुलं होती. आपण सुरक्षित आहोत, असं ती माणसं किती दिवस समजून चालली होती, कोण जाणे. तो पंखा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दुकानातली एक चलाखीही सांगून ठेवतो. "हा घ्या, हा सारखा पडत नाही," म्हणून 100 किंवा 300 मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळ्यात मारतात. तो आगीपासून बचावासाठी असतो, माणसाच्या जिवासाठी नाही. घरात 30 मिलिअँपिअरचाच हवा, आयएसआय चिन्हाचा, आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबलं गेलं पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर तोही वाचवत नाही. इन्व्हर्टरची लाइन तर बऱ्याच घरांत त्याच्या कक्षेतच नसते. म्हणून परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलावून पूर्ण तपासणी करून घ्या. याच आठवड्यात. तोवर गीझर आणि मोटर लावू नका.

प्रश्न : अंघोळ करताना गीझर चालू ठेवला तर चालतो का? (मिरज)

नाही. पाणी तापवा, स्विच बंद करा, मग अंघोळीला जा.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात अर्थिंगच नाही. वायरमन म्हणाला, थ्री पिनची अर्थची जागा न्यूट्रललाच जोडून देतो, काम एकच. (तासगाव)

त्याला पुन्हा घरात घेऊ नका. दोन्ही जोडले आणि पुढे कधी मागच्या न्यूट्रलचा जोड सुटला, तर फ्रीजच्या पत्र्यावर सरळ 230 व्होल्ट येऊन बसतात. फ्रीज बंद पडलाय म्हणून घरातलं कुणीतरी त्यालाच हात लावायला जातं. वेगळं अर्थिंग करून घ्या आणि ते मोजून घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत राहा.

प्रश्न : शॉक बसलेल्या माणसाला मातीत पुरून ठेवलं की करंट उतरतो, असं गावात सांगतात. खरं आहे का? (पलूस)

खोटं आहे, आणि या खोट्यापायी माणसं जातात. अंगात करंट साठत नाही. संपर्क तुटला की करंट संपला. मागे राहतं ते थांबलेलं किंवा लय चुकलेलं हृदय, आणि त्याच्यासाठी हातात मोजकी मिनिटं असतात. ती खड्डा खणण्यात घालवायची नसतात.

आधी मेन बंद करा. माणसाला हात लावू नका. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडावर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून कोरड्या काठीने वायर बाजूला करा. हे घरातल्या लाइनपुरतंच. खांबावरची तार असेल तर जवळ जायचंच नाही, लांब उभं राहून महावितरणला 1912 वर कळवा. सुटका झाली की 108 ला फोन लावा. माणूस हाक मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबत राहा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसात 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. उठून बसला आणि "काही नाही झालं" म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढाच. बाहेर ठिपक्याएवढी भाजलेली खूण असते आणि आत स्नायू जळालेले असतात. ते डॉक्टरांनीच पाहायचं.

प्रश्न : प्लगला लावायचा एक डबा मिळतो, वीजबिल निम्मं होतं म्हणतात. घ्यावा का? (इस्लामपूर)

घेऊ नका. आत एक कपॅसिटर आणि एक चमकणारा दिवा असतो. घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटवर येतं, ती युनिट या डब्याने कमी होत नाहीत. उलट दिवसरात्र प्लगमध्ये राहणारी एक स्वस्त वस्तू तापत राहते.

प्रश्न : आमचं घर सांगलीवाडीत आहे. 2019 ला आणि 2021 ला पाणी आलं होतं. मेन नेमका कधी बंद करायचा? आणि पूर ओसरल्यावर बोर्ड वाळवून चालू केला तर? (सांगलीवाडी)

पाणी उंबऱ्याला लागायची वाट पाहू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, पण सखल भागात पाणी त्याच्या आधीच शिरतं. घर सोडायचं ठरलं की कोरड्या हाताने, कोरड्या जमिनीवर उभं राहून मेन बंद करा. त्यानंतर इन्व्हर्टर. हे बहुतेक जण विसरतात. मेन पडला तरी इन्व्हर्टर आपला घराला वीज देतच राहतो. छतावर सोलर असेल तर ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारा जिवंत असतात, म्हणून ते बसवणाऱ्याला विचारून त्याचा वेगळा स्विच आत्ताच ओळखून ठेवा. पाणी आत आलं असेल तर मेनकडे जायला पाण्यात उतरू नका, 1912 ला फोन करून पुरवठा बंद करायला सांगा.

बोर्ड वाळवून चालू करायचा नाही. पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट बदलायचे. वरून कोरडे दिसतात, पण आत कृष्णेचा गाळ बसलेला असतो. भिंतीतल्या पाइपात पाणी आठवडेच्या आठवडे राहतं, म्हणून मेगरवर किमान 1 मेगओहम आल्याशिवाय लाइन सुरू करून घेऊ नका. आणि हे काम पूर ओसरल्यावर सगळ्यांना एकदम आठवतं, तेव्हा ठेकेदार मिळत नाही. आरसीसीबी आणि अर्थिंग मे महिन्यातच तपासून घेतलं असेल, तर त्या वेळी निम्मं काम उरतं.

प्रश्न : टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे लाइन बंद आहे असं समजून काम करावं का? (कुपवाड)

नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर चालू लाइनवरही टेस्टर अंधुक लागतो, कधी लागतच नाही. मेन बंद करा, आणि वायरमनला बोलवा.