शिमल्यात मुक्काम कुठे करावा: खोलीचा भाव आणि सहलीचा खर्च

कराडच्या एका भगिनींनी विचारलं आहे: "मे महिन्यात आम्ही पाच जण शिमल्याला जातोय. मी, यजमान, चौदा आणि आठ वर्षांची मुलं आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. दोन खोल्या लागतील, पाच रात्री राहायचं आहे. लक्कड बाजारात खोली ४,६०० रुपये, न्यू शिमल्यात २,६००, मशोबऱ्याच्या रिसॉर्टमध्ये नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासह ७,९००. सगळे दर कर सोडून, एका खोलीचे, एका रात्रीचे. सहलीसाठी केलेल्या आरडीचे १,१०,००० रुपये हातात आहेत, त्यातले ३४,००० जाण्यायेण्यात जातील. न्यू शिमला घेतलं तर पैसे वाचतात. मुलांना मात्र रिसॉर्टचे फोटो आवडलेत. ते घेतलं तर ४०,००० कमी पडतील, ते क्रेडिट कार्डावर बारा हप्त्यांत फेडावेत का? यजमानांच्या कंपनीत एलटीए, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाचा भत्ता मिळतो, त्यात हॉटेलचं बिल चालेल का?"

ताई, तुम्ही आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे थेट हिशेबालाच हात घालता येतो.

आधी शिमल्याची ठेवण, कारण सगळा खर्च तिथून सुरू होतो. शहर डोंगराच्या धारेवर बसलेलं आहे. वर रिज हा मोठा मोकळा चौक आणि मॉल रोड हा बाजाराचा रस्ता, तिथे सर्वसाधारण गाड्यांना बंदी. खाली कार्ट रोड, तिथे बसगाड्या, टॅक्स्या, पार्किंग. मधल्या उतारावर लोअर बाजार आणि पायऱ्याच पायऱ्या. कार्ट रोडवरून मॉलवर चढायला पर्यटन महामंडळाची लिफ्ट आहे, सासूबाईंसाठी ती फार मोलाची. आपल्याकडे रिक्षाला हात केला की काम होतं, तशी सोय शिमल्यात नाही, तिथे रिक्षाच नाहीत. बस आहे, टॅक्सी आहे, नाहीतर पाय आहेत. म्हणून तिथे खोली कुठे आहे यावर दिवसभराचा खर्च ठरतो.

लक्कड बाजार रिजला लागूनच आहे. न्यू शिमला मात्र तिथून लांब, छोटा शिमला आणि कसुम्प्टीच्या बाजूची रहिवासी वस्ती. स्वच्छ आहे, शांत आहे, स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्याला तिथे ठेवायला जागाही मिळते. तुम्ही गाडी नेत नाही आहात, म्हणजे त्या वस्तीचा मोठा फायदा तुमच्या उपयोगाचाच नाही.

आता भाव. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या खोलीवर १८ टक्के. लक्कड बाजारच्या दोन खोल्या करासह रात्रीला ९,६६०, पाच रात्रींचे ४८,३००. न्यू शिमला रात्रीला ५,४६०, पाच रात्रींचे २७,३००. फरक २१,००० रुपयांचा. तुम्ही याच फरकाकडे बघून न्यू शिमल्याकडे झुकला आहात, आणि कागदावर ते बरोबरच दिसतं.

पण तुम्हीच लिहिलंय की न्यू शिमल्याहून लिफ्टपर्यंत टॅक्सीवाला एका खेपेला ५०० मागतो. सासूबाई सकाळी बाहेर पडल्या तर दुपारी त्यांना आडवं व्हावंच लागणार. म्हणजे सकाळी जाणं, दुपारी परतणं, संध्याकाळी पुन्हा जाणं, रात्री येणं, अशा दिवसाला चार खेपा, २,००० रुपये. शहरात फिरण्याचे तीन दिवस धरले तर ६,०००. पोचल्याच्या संध्याकाळी आणि शिमल्याजवळचं कुफरी बघून परतल्यावर मॉलवर चक्कर मारली तर आणखी २,०००. मॉलच्या आसपास पाच जणांना हवं तिथे, हवं ते खाता येतं, दूरच्या हॉटेलात बहुतेक वेळा हॉटेलचंच जेवण घ्यावं लागतं. त्यासाठी दिवसाला ६०० जास्त धरले तर ३,०००. बेरीज ११,०००. म्हणजे न्यू शिमल्याचा खरा खर्च ३८,३००.

तरीही तो लक्कड बाजारपेक्षा सुमारे दहा हजारांनी कमी आहे, हे मी लपवणार नाही. दूरची वस्ती महागच पडते असं सांगणं खोटं होईल. आता मात्र लक्कड बाजारच्या चार रात्रींचा आकडा काढा: ३८,६४०. न्यू शिमल्यातल्या पाच रात्रींएवढाच.

माझं म्हणणं एवढंच आहे. वस्ती दूर नेऊन पैसे वाचवू नका, रात्र एक कमी करून वाचवा. पाचव्या रात्रीबरोबर येणारा दिवस तुम्ही न्यू शिमल्यात राहून टॅक्सीची वाट बघण्यात आणि मे महिन्याच्या वाहतूककोंडीत थोडा थोडा करून घालवणारच आहात. तो कमी केलात तर त्या दिवसाचं जेवणखाण, किरकोळ खरेदी हाही खर्च वाचतो. आणि सासूबाई थकल्या तर सगळ्यांचा दिवस न मोडता त्या एकट्याच खोलीवर परत जाऊ शकतात, थोरला नातू सोडायला जाईल. दूरच्या हॉटेलात त्या थकल्या की पाचही जण परत. मला तुमच्या पत्रातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. म्हातारं माणूस आपल्यामुळे मुलांची सहल बुडते म्हणून गप्प राहून चालत राहतं आणि पुढचे दोन दिवस त्याचे पाय सुजलेले असतात. त्यांना केव्हाही परतता येईल अशा जागी राहणं हा चैनीचा खर्च नाही.

लक्कड बाजार मला मॉलवरच्या हॉटेलांपेक्षाही बरा वाटतो, कारण तिथवर गाडी येते आणि तिथून रिज चालत गाठता येतं. ख्राइस्ट चर्च, गेयटी थिएटर, जाखूच्या हनुमान मंदिराकडे नेणारा रोपवे हे सगळं त्याच टापूत आहे. व्हाइसरीगल लॉज तेवढं पश्चिमेला लांब आहे, तिथे टॅक्सी करा. तरी हॉटेलवाल्याला फोन करून एक प्रश्न नक्की विचारा: गाडी जिथे सोडते तिथून आमच्या खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती? "मॉलपासून तीनशे मीटर" असं लिहिलेलं असतं, ते तीनशे मीटर आडवे की उभे हे लिहिलेलं नसतं. हॉटेलात लिफ्ट आहे का, सासूबाईंना हॉटेलचं दार ज्या मजल्यावर आहे त्याच मजल्यावर खोली मिळेल का, सामान उचलायला माणूस हॉटेलचा की बाहेरचा, हेही विचारा. पाण्याची साठवण किती आहे तेही विचारा. २०१८ च्या मे-जूनमध्ये शिमल्यात पाण्याची भीषण टंचाई झाली होती, त्यामुळे उन्हाळ्यात हा प्रश्न विचारायला संकोच नको.

आता रिसॉर्ट. मशोबरा शिमल्यापासून साधारण बारा किलोमीटरवर, देवदाराच्या जंगलात. मुलांना आवडलं यात नवल नाही, मलाही आवडेल. पण ७,९०० चा भाव ७,५०० ची रेघ ओलांडतो, त्यामुळे दोन खोल्यांवर रोज २,८४४ रुपये नुसता जीएसटी. करासह रात्रीचे १८,६४४, पाच रात्रींचे ९३,२२०. शिवाय शहरात यायचं तर तुम्ही काढलेल्या भावाने रोजची २,८०० ची टॅक्सी. बाहेर खायला फारसं काही नाही, म्हणूनच रिसॉर्टवाले एमएपी प्लॅन, म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, भावातच धरून देतात. पाच रात्री तिथे राहायचं आणि रोज शिमल्याला उतरायचं, यात जंगलही नीट मिळत नाही आणि शहरही नाही.

एक रात्र मात्र जरूर राहा. तुम्हीच कळवलंय की जेवण न घेता, नुसत्या खोलीचा भाव ७,२०० आहे. मग कर ५ टक्क्यांवर येतो, दोन खोल्यांचे ७२० रुपये. रात्रीचे एकूण १५,१२०. जेवणासकटच्या भावापेक्षा ३,५२४ रुपये कमी, आणि त्यातले २,१२४ निव्वळ कराचे. पाच जणांचं रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तेवढ्या पैशात भागतो का, ते त्यांचं मेनूकार्ड मागवून पाहा. अशा महागड्या हॉटेलच्या आतल्या रेस्तराँचं बिलही १८ टक्क्यांनी लागू शकतं, तेव्हा कर धरूनच तुलना करा. फरक अगदी किरकोळ निघाला तर जेवणासकट घ्या, सासूबाईंना रात्री बाहेर शोधाशोध नको. आणि मिळालेला भाव लेखी मागून घ्या: जादा गादी, नाश्ता, कर धरून की सोडून.

तर माझा सल्ला असा: तीन रात्री लक्कड बाजार, शेवटची एक रात्र मशोबरा. २८,९८० अधिक १५,१२०, मिळून ४४,१००. लक्कड बाजारच्या पाच रात्रींपेक्षाही ४,२०० नी कमी. हलण्याच्या दिवशी टॅक्सी दिवसभरासाठी करा, सामान गाडीतच ठेवा. ढल्लीला रस्ता फुटतो, एक कुफरीकडे आणि दुसरा मशोबरा-नालदेहऱ्याकडे. कुफरी बघून संध्याकाळी मशोबऱ्याला मुक्कामाला जायचं. कुफरीसाठी टॅक्सी लागणारच होती, तिच्यातच मुक्कामही हलतो. कुफरीत घोड्यांचा भाव उतरल्याबरोबर ठरवून टाका, आणि सासूबाईंना घोड्यावर बसवू नका.

पूर्ण हिशेब: मुक्काम ४४,१००, एक दिवस टॅक्सी २,८००, लिफ्ट, हमाल आणि शहरातल्या किरकोळ खेपा १,५००, पाच दिवसांचं जेवणखाण आणि तिकिटं दिवसाला ३,५०० प्रमाणे १७,५००. एकूण ६५,९००. जाण्यायेण्याचे पैसे बाजूला काढल्यावर तुमच्याकडे ७६,००० आहेत. १०,१०० हातात राहतात. परतीची गाडी मशोबऱ्याहून उचलायला थोडे जास्त घेईल, ते यातून द्या. बाकीचे आजारपण किंवा अडकून पडण्यासाठी राखून ठेवा, लक्कड बाजारातल्या लाकडी खेळण्यांना मुलं पैसे मागतील तेव्हा तिथे हात आवरता घ्या.

हप्त्यांचं. ४०,००० रुपये १५ टक्के व्याजाने बारा महिन्यांत फेडले तर व्याज सुमारे ३,३००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे ६००, वर प्रोसेसिंग फी. "नो कॉस्ट" म्हणून दिलेल्या हप्त्यातही व्याजाएवढी सूट आधी देतात, पण त्यावरचा जीएसटी आणि फी तुमच्याकडूनच घेतात. बुकिंग रद्द झालं तर फी सहसा परत मिळत नाही. रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण जूनमध्ये शाळांच्या फी, वह्यापुस्तकं, गणवेश येतात, आणि त्याच महिन्यात सहलीचा हप्ता सुरू होईल. तुम्ही वर्षभर आरडी भरून ही सहल कमावलीत, ती संपल्यावर एक रुपयाचंही देणं मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं. मुलांना एक रात्र रिसॉर्ट मिळतेच आहे.

एलटीएमध्ये हॉटेलचं बिल चालत नाही. करसवलत फक्त भारतातल्या प्रवासभाड्याला, तीही ठरलेल्या मर्यादेत, चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोनदा आणि जुनी कररचना निवडली असेल तरच. आत्ताचा गट २०२६ ते २०२९. रेल्वेची तिकिटं जपून ठेवा. यजमानांनी नवी कररचना घेतली असेल तर हा विषयच सोडून द्या. नुसत्या या सवलतीसाठी जुन्या रचनेत जाण्यात अर्थ नाही.

राहिलं बुकिंग, आणि इथे घाई महागात पडेल. लक्कड बाजारचं हॉटेल पैसे परत न मिळण्याच्या अटीवर खोलीमागे रात्रीला ४०० कमी करतंय. दोन खोल्या, तीन रात्री, करासह २,५२० वाचतात. पण रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या फक्त ६० दिवस आधी उघडतं, आधी ते १२० दिवसांचं होतं. सुट्टीतली तिकिटं तेवढ्यात भरतात. तिकीट हातात नसताना २६,४६० रुपये अडकवायचे आणि नंतर वेटिंग लिस्टवर बसायचं, हा सौदा २,५२० साठी करू नका. आत्ता रद्द करता येणाऱ्या दरानेच खोल्या धरा, रद्द करण्याची शेवटची तारीख आरक्षण उघडण्याच्या नंतरची आहे ना ते बघा. पाचही तिकिटं कन्फर्म झाली की मग हॉटेलला फोन करून सवलत मागा, बहुतेक जण थोडी तरी देतात. कालक्याहून शिमल्याला जाणाऱ्या छोट्या गाडीचंही तसंच. १९०३ साली सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा मार्ग, मुलांनी तो एकदा तरी बघावा. जाताना घ्या, येताना टॅक्सी, म्हणजे परतीच्या मोठ्या गाडीची धाकधूक नाही.

तारखा हलवता येत असतील तर सोमवारी पोचा आणि शुक्रवारी निघा. शनिवार-रविवारी दिल्ली-चंदीगडकडची गर्दी वर येते, भावही चढतो. सहल पुढे ढकलावी लागली तर जुलै-ऑगस्ट मात्र टाळा. ऑगस्ट २०२३ मध्ये समर हिलच्या शिवमंदिरावर दरड कोसळून माणसं गेली, रस्ते आणि रेल्वेही बंद पडली होती. ऑक्टोबर चांगला, दिवाळीची सुट्टी लागून येत असेल तर पाहा.

पैसे भरताना हॉटेलचा नंबर दोन ठिकाणी ताडून घ्या आणि अनोळखी यूपीआय आयडीवर पूर्ण रक्कम आधी पाठवू नका. एका रात्रीचं भाडं आगाऊ पुरे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार करा.

या आठवड्यात दोनच फोन करा: एक लक्कड बाजारला, पायऱ्या मोजून घ्यायला, आणि एक मशोबऱ्याला, नुसत्या खोलीचा भाव लेखी मागायला. पायऱ्या वीस-पंचवीसहून जास्त निघाल्या तर मला पुन्हा लिहा, कार्ट रोडवर लिफ्टजवळच्या हॉटेलांचे भाव घेऊन आपण हिशेब नव्याने करू.