स्वल्पविराम आणि डॅश कुठे द्यायचे?

'वाचताना थांबतो तिथे स्वल्पविराम द्यायचा, हा शाळेतला नियम पुरेसा आहे का, आणि डॅश नक्की कधी वापरायचा?' असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मुद्रितशोधन करते आहे. माझ्या अनुभवात हा नियम फसवतो, कारण थांबण्याची जागा ज्याची त्याची वेगळी. लांबलचक कर्ता आला की आपण दम घेतो आणि तिथेच चिन्ह पडतं: 'काल उशिरा आलेल्या सगळ्या मुलांनी, माफी मागितली.' इथे स्वल्पविराम नकोच. कर्ता त्याच्या क्रियापदापासून विनाकारण तुटतो.

श्वासाऐवजी अर्थ कुठे वेगळा होतो ते बघा. 'तू गेला नाहीस ना?' या प्रश्नाला 'नाही गेलो' आणि 'नाही, गेलो' ही उलट उत्तरं आहेत. संबोधनानंतर स्वल्पविराम हवाच: 'काका, डॉक्टर आले.' तो काढला तर काकाच डॉक्टर होतात. 'जो आधी येईल, त्याला जागा मिळेल' अशा जो-तो जोडीच्या वाक्यात आणि 'पण'च्या आधीही तो द्यावा. यादीत शेवटच्या 'आणि'आधी मराठीत सहसा देत नाहीत. 'तो म्हणाला की मी येतो' यात मी देत नाही. 'की' आपलं काम करतोच.

डॅश म्हणजे अपसारणचिन्ह. बोलणं मध्येच तुटलं किंवा पुढे खुलासा करायचा असला की ते येतं: 'मी सांगणार होतो, पण—'. मजकूर मध्ये घालायचा असेल तर दोन्ही बाजूंना डॅश हवा. एकीकडे डॅश आणि दुसरीकडे स्वल्पविराम अशी जोडी लावू नका.

मात्र मराठीत असा मजकूर घालताना जपून. आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे मधला भाग लांबला की वाचक ताटकळतो. शिवाय विभक्ती आडवी येते. 'माझी बहीण, जी वकील आहे, तिने अर्ज लिहिला' यात 'तिने' पुन्हा आणावं लागलं. 'वकील असलेल्या माझ्या बहिणीने अर्ज लिहिला' असं लिहिलं की एकही चिन्ह लागत नाही. चिन्हांची गर्दी दिसली की मी आधी वाक्यच बदलून बघते.

संयोगचिन्ह वेगळं. ते आखूड असतं आणि दोन्हीकडे जागा न सोडता येतं: 'आई-वडील', '१०-१२ दिवस'. फोनच्या बऱ्याच कीबोर्डवर तेच बटण दाबून धरलं की लांब डॅशही मिळतो.