वाचकांचे प्रश्न: रेशनचा तांदूळ, कोंबडीचं खाद्य आणि पेट्रोलची टाकी

या वेळी आंब्यावरचा तुडतुडा आणि काजूची कलमं यांवरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत. धान्यापासून तयार होणाऱ्या इथेनॉलबद्दल एकदम चार पत्रं आली आणि चौघांचीही अडचण खरी आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या वाडीच्या रेशन दुकानात तांदूळ दोन महिने उशिरा आला. त्याच दिवसांत टीव्हीवर ऐकलं की सरकारी गोदामातला तांदूळ पेट्रोलात घालायचं इथेनॉल करायला कारखान्यांना देतात. मुलगा म्हणतो, गोदामात किडे पडण्यापेक्षा बरं, देशाचा डॉलर वाचतो. मला ते पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. — एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर: काकी, तुमच्या दुकानातल्या उशिराचा इथेनॉलशी संबंध लावू नका. तो बहुधा वाहतुकीचा नाहीतर दुकानातल्या मशीनचा घोळ असतो. त्याची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्या, पोच घ्या.

आता मुलाचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने खराब झालेलं धान्य, आणि मंजुरी मिळाली तर जादा ठरलेलं धान्यही, इथेनॉलसाठी वापरायला वाट करून दिली. जून २०२२ मध्ये पेट्रोलात १० टक्के मिसळ झाली, २०२५ मध्ये ती २० टक्क्यांवर गेली. गोदामं भरलेली आहेत हेही खरं. १ जुलैला तांदळाचा राखीव साठा निकषाप्रमाणे सुमारे १३५ लाख टन हवा. २०२५ च्या जुलैत तो त्याच्या दुपटीहून जास्त होता. इतका तांदूळ नुसता ठेवायलाही पैसे लागतात आणि जुना होत जातो तसा त्याचा दर्जा उतरतो.

पण मुलाला हा हिशेब मांडून दाखवा. एक टन तांदळापासून साधारण साडेचारशे लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे माणशी महिन्याला मिळणाऱ्या पाच किलो रेशनमधून सव्वादोन लिटर. वीस टक्के मिसळीच्या पेट्रोलात ते घातलं तर अकरा लिटर पेट्रोल होतं. एका माणसाचा महिन्याचा तांदूळ म्हणजे स्कूटरच्या दोन टाक्या. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ताकद असते. त्यामुळे लिटरला लिटर धरून डॉलर मोजले की बचत आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

पुढे पैशाची बाजू. तांदूळ खरेदी करून, भरडून, साठवून, वाहून नेईपर्यंत सरकारला किलोमागे सुमारे ४० रुपये पडतात. जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉल कारखान्यांसाठी त्याचा दर साडेबावीस रुपये केला. एका लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास तांदूळ लागतो, म्हणजे लिटरमागे पस्तीस-चाळीस रुपये तुमच्या-माझ्या खिशातून आधीच गेलेले असतात. पंपावरच्या दरात ते दिसत नाहीत.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे ‘जादा’ ठरवणं. रेशनला पात्र माणसांची संख्या अजून २०११ च्या जनगणनेवर मोजली जाते. त्यानंतर जन्मलेली मुलं, लग्न होऊन आलेल्या सुना, मुंबईतलं काम सुटून गावी परतलेली कुटुंबं यांची नावं कार्डावर चढवायला लोकांनी किती खेटे घातले, ते मी नोकरीत असताना गावोगाव पाहिलं आहे. अर्ज घेऊन उभ्या असलेल्या बाईला ‘तालुक्याचा कोटा संपला’ हे उत्तर मिळायचं. ज्या यादीबाहेर इतकी माणसं आहेत, त्या यादीवरून उरलेला तांदूळ जादा कसा म्हणायचा? आधी यादी नवी करा, तिच्याप्रमाणे तांदूळ वाटा, आणि मग जो उरेल आणि खायच्या लायकीचा राहिला नसेल तो खुशाल कारखान्याला द्या.

हे जादापण टिकतही नाही. २०२३ मध्ये पावसाची धास्ती वाटली आणि जुलैत सरकारने कारखान्यांचा तांदूळ थांबवला. त्याच वर्षी ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही बंदी आली, ती पुढे सैल केली. पण कारखाने एकदा उभे राहिले की त्यांची कर्जं थांबत नाहीत आणि त्यांना रोज धान्य लागतं. तांदूळ बंद झाला तसे ते मक्याकडे वळले. त्याची झळ खालच्या पत्रात आहे.

एक गोष्ट आपल्या कोकणातली. सरकारी कागदावर तुटका तांदूळ हा कारखान्याला द्यायचा माल आहे. आमच्या गावच्या गिरणीत चाळणीखाली पडणारी कणी कधीच वाया गेलेली मी पाहिली नाही. सकाळच्या पेजेला ती लागते, उरलेली कोंबड्यांना. कोंडा गुरांना जातो, तूस चुलीत. दिवाळीनंतर मळणी झाली की बायका गिरणवाल्याला कणी वेगळ्या पिशवीत बांधायला सांगतात आणि तिचं वजन स्वतः बघतात. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने तुटक्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा कोंबडीखाद्य आणि इथेनॉल दोघांनाही तो कमी पडत होता. कणीला किती गिऱ्हाइकं आहेत, ते यावरून कळतं.

प्रश्न: ताई, माझं कुडाळजवळ लेअर (अंड्यांसाठी पाळायच्या) आणि थोड्या गावठी कोंबड्यांचं छोटं पोल्ट्रीचं काम आहे. मक्याचा दर मध्ये इतका चढला की अंड्यामागे काही सुटेना. आता खाद्यवाला ‘डीडीजीएस घाला, स्वस्त पडेल’ म्हणतो. घालू का? आणि मक्याचं हे इथेनॉलमुळेच झालं का?

उत्तर: दादा, बऱ्याच अंशी हो. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैसे जादा देऊन दर ७१ रुपये ८६ पैसे केला. कारखाने मक्यावर तुटून पडले. मका बाहेर विकणारा आपला देश त्या वर्षी म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणू लागला. ज्याच्या शेतात मका होता त्याला त्या हंगामात चांगले पैसे मिळाले, याचा मला आनंदच आहे. मक्याला कोणी विचारत नव्हतं ते दिवस मी पाहिलेत. पण तो पैसा काही अंशी तुमच्यासारख्याच्या खाद्यातून आणि अंगणवाडीतल्या पोराच्या अंड्यातून गेला.

डीडीजीएस म्हणजे इथेनॉल काढून झाल्यावर उरलेला, वाळवलेला चोथा. शंभर किलो मक्यामागे तीसेक किलो निघतो. त्यात प्रथिनं चांगली असतात, त्यामुळे सोयापेंडीऐवजी तो काही प्रमाणात चालतो. पण एक लक्षात ठेवा. स्टार्च निघून जातो आणि बाकीचं सगळं एकवटतं. मूळ मका बुरशी लागलेला असेल, तर चोथ्यात विष साधारण तिपटीने वाढतं. आपल्या दमट हवेत हा धोका दुप्पट समजा. तेव्हा गोणीबरोबर अफलाटॉक्सिनचा, म्हणजे या बुरशीच्या विषाचा, तपासणी अहवाल मागा, नाही म्हणाला तर घेऊ नका. रंग सोनेरी-पिवळा हवा. काळपट तपकिरी माल वाळवताना जळलेला असतो, त्यातली प्रथिनं कोंबडीला लागत नाहीत. सुरुवात पाच टक्क्यांपासून करा, अंड्यांवर लक्ष ठेवा. गोणी भिंतीला आणि जमिनीला टेकू देऊ नका, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त माल भरू नका. पिल्लांना तर अजिबात घालू नका.

तुम्हाला स्वस्त मिळणारा हा चोथा लातूरकडच्या सोयाबीनवाल्याला महाग पडला आहे, तेही सांगायला हवं. पेंडीची मागणी घटली. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खूप खाली विकावं लागलं. त्याला इतरही कारणं होती, पण हेही एक होतं.

प्रश्न: भात कापल्यावर आमची चिपळूणजवळची अडीच एकर जमीन रिकामी असते. एक दलाल सांगतो, तिथे रब्बीत इथेनॉलसाठी मका लावा, सगळा माल उचलतो, आगाऊ बियाणंही देतो. लावू का?

उत्तर: मी लावला नसता. कारणं सांगते, मग तुम्ही ठरवा.

रब्बी मक्याला पाच-सहा पाणी लागतात. तुमच्या विहिरीला मार्चमध्ये किती पाणी असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या अनुभवात तिकडच्या बहुतेक विहिरी तोवर तळ दाखवतात. दुसरं, माकडं आणि रानडुकरं. कणीस दुधात आलं की एका सकाळीत शेत साफ होतं. चार जणांनी मिळून राखण केली तरच काही हाती लागतं, आणि वाडीत राखणीला माणसं आहेत कुठे?

तिसरं कारण भावाचं. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये जाहीर झाला. २०२५ च्या अखेरीला कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना त्याच्या खूप खाली मका विकावा लागला, ते रस्त्यावर उतरले. एकीकडे पीक भरपूर आलं होतं, दुसरीकडे कारखान्यांना सरकारी गोदामातला स्वस्त तांदूळ पुन्हा मिळू लागला होता. राजापूरच्या काकींना सांगितलेला तोच तांदूळ. शेतकऱ्याला मका लावायला सांगायचं आणि त्याच्या मक्याशी स्पर्धा करायला सरकारी तांदूळ उतरवायचा, याचा मला मनापासून राग येतो. अडीच एकरवाल्याने असल्या बाजारात दलालाच्या तोंडी शब्दावर उडी घेऊ नये. कागदावर दर, वजनाची जागा आणि पैसे देण्याची तारीख लिहून देत असेल तर कागद घेऊन या, मी वाचून देईन.

त्याऐवजी कडवे वाल, कुळीथ, चवळी. भाताच्या मागे राहिलेल्या ओलीवर येतात, जमिनीला नत्र देतात आणि घरात खायला होतात. कडव्या वालाला मुंबईचं गिऱ्हाईक कायम आहे. पाणी थोडं असेल तर अर्धा एकर भुईमूग करा.

शेतातल्या मालापासून इंधन करूच नये असं माझं म्हणणं नाही. शेतात जळणारा पेंढा आणि काड यांपासून इथेनॉल करायचं तंत्र आहे, हरियाणात पानिपतला तसा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. ते अजून महाग आहे. पण सरकारला पैसा ओतायचाच असेल तर तो तिथे ओतावा.

प्रश्न: हर्णैला माझी छोटी होडी आहे, मागे पेट्रोलचं इंजिन. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांनंतर इंजिन चालूच होईना. मेकॅनिक म्हणाला पेट्रोलात पाणी झालं. पंपवाला म्हणतो पेट्रोल चांगलं आहे. कोणाचं खरं?

उत्तर: दोघांचंही खरं असू शकतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत होडी वर ओढलेली, टाकी अर्धी भरलेली आणि बाहेर कोकणातला पाऊस. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते.

होडी वर घेण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा, नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. रबराच्या नळ्या आणि वॉशर जुने असतील तर इथेनॉल चालणारे बसवून घ्या. हंगामात पेट्रोल आठवड्यापुरतंच भरा, आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. आधी साठलेलं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घेऊन रात्रभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नका.