कामाचे दुसरे टोक

प्रश्न : माझे वय ४३ आहे. गेली १९ वर्षे मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात नोकरी करतो. पगार वेळेवर होतो, वरिष्ठांचा जाच नाही, घरीही सारे ठीक आहे. तरीही रविवारची संध्याकाळ झाली की मनावर दडपण येते. आपण नुसत्या पाट्या टाकत आहोत, असे वाटते. आयुष्याला काही हेतू असावा म्हणून दोन वर्षे स्वतःचे खरे ध्येय शोधतो आहे. याद्या केल्या, शिबिरांना जाऊन आलो, पण ते सापडत नाही. नोकरी सोडावी का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘पाट्या टाकणे’ हा शब्दप्रयोग मी दोनदा वाचला, कारण तुमच्या दुखण्याचे मूळ तुम्हीच त्यात नेमके पकडले आहे. पाट्या टाकणाऱ्याला दिवसाकाठी किती पाट्या झाल्या एवढेच मोजायचे असते. त्या मातीवर पुढे काय उभे राहणार हे त्याला कोणी सांगत नाही आणि काही काळाने तोही विचारायचे सोडून देतो. कामाचे आपल्या हातातले टोक तेवढे दिसत राहते, दुसरे दिसेनासे होते.

ध्येय सापडले नाही याचा दोष मात्र स्वतःकडे घेऊ नका. ध्येय म्हणजे मनाच्या तळाशी पुरलेला हंडा असून पुरेसे खणले की तो हाती लागतो, ही समजूत अलीकडे फार रूढ झाली आहे आणि माझ्या मते तिने अनेक भल्या माणसांना उगाच अपराधी वाटायला लावले आहे. नाझी छळछावण्यांतून १९४५ साली जिवंत बाहेर आलेले व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांची मांडणी याच्या अगदी उलट होती. आयुष्याचा अर्थ काय, असे माणसाने आयुष्याला विचारायचे नसते. आयुष्यच रोज त्याला प्रश्न घालत असते आणि त्याने आपल्या वागण्यातून उत्तर द्यायचे असते, असे ते सांगत. हे उत्तर हातून होणाऱ्या कामातून देता येते, एखाद्यावरच्या प्रेमातून देता येते आणि टाळता न येणारे दुःख आपण कसे सोसतो त्यातूनही देता येते. असा प्रश्न तुमच्या टेबलावर रोज येऊन पडत असणार, हे तुमच्या विभागाचे नाव वाचतानाच मला जाणवले.

एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की कोणाला आपले काम उपजीविकेचे साधन वाटते, कोणाला बढतीची शिडी, तर कोणाला जीवितकार्य. त्या अभ्यासात २४ प्रशासकीय साहाय्यकांचा एक गट होता. पद एकच, कामही जवळपास सारखे, तरी या तीन दृष्टींमध्ये त्यांची विभागणी साधारण समसमान झाली. पुढे जेन डटन यांच्यासह त्यांनी रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांकडून त्यांचे काम समजून घेतले. त्यांतली एक कर्मचारी दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णांच्या विभागात होती. तिथल्या भिंतींवरची चित्रे ती अधूनमधून बदलून लावत असे, कारण भोवतालच्या बदलाने कदाचित रुग्णाच्या आत काही हलेल, अशी तिला आशा वाटे. हे काम तिला कोणी नेमून दिलेले नव्हते.

मी स्वतः नोकरीची पहिली काही वर्षे निवृत्तिवेतनाचे अर्ज तपासत असे. सही जुळत नाही, असा शेरा मारून एक अर्ज मी दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्या वेळी अर्जदार बाई स्वतः आल्या आणि माझ्यासमोर सही करू लागल्या, तेव्हा त्यांचा उजवा हात कंपवाताने इतका थरथरत होता की पेन कागदावर टेकवण्यासाठी त्यांना डाव्या हाताने मनगट धरून ठेवावे लागत होते. ती सही कधीच जुळणार नव्हती. अंगठ्याच्या ठशाची सोय नियमातच होती आणि मला ती ठाऊकही होती; दोन्ही वेळा अर्ज पाहताना सही करणारा हात मात्र माझ्या मनात आलाच नव्हता. त्यानंतरही मी तेच अर्ज आणि तेच नियम घेऊन बसत होते, पण शेरा लिहिण्यापूर्वी माझे पेन क्षणभर थांबू लागले आणि त्या क्षणातच मला माझ्या नोकरीचा अर्थ पहिल्यांदा कळला.

म्हणून राजीनाम्याचा विचार तूर्त बाजूला ठेवून तीन महिने एवढेच करून पाहा. तुम्ही निकाली काढलेल्या दाव्यांपैकी आठवड्याला एक निवडा आणि पैसे मिळाल्यानंतर त्या घरात काय झाले, हे कंपनीच्या नियमांत बसेल अशा मार्गाने जाणून घ्या. ॲडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांची त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवून आणली होती. महिन्याभरानंतर पाहिले, तर ते फोनवर पूर्वीपेक्षा १४२ टक्के अधिक वेळ देत होते आणि त्यांनी जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. त्यांच्या पगारात किंवा कामाच्या स्वरूपात काही बदल झाला नव्हता.

या काळात तुम्हाला जर असे दिसले की रास्त दावे नाकारण्यासाठीच तुमचा हात वापरला जातो आहे, तर नोकरी जरूर बदला. तशा वेळी दृष्टी बदलून काही साधत नाही.

प्रश्न : मी परिचारिका आहे आणि माझे काम मला मनापासून आवडते. पण जादा पाळीला नकार दिला की, “ही सेवा आहे, हिच्यात तास कसले मोजता?” असे ऐकावे लागते आणि मलाच ओशाळल्यासारखे होते. हेतूने काम करायचे म्हणजे हे सोसायचे का?

उत्तर : नाही, सोसू नका. तुमच्या निष्ठेला हात घालून तुमच्याकडून जास्तीचे काम काढून घेतले जात आहे आणि हे तुमच्या एकटीच्या बाबतीत घडत नाही. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन यांनी प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. काम हे आपले जीवितकार्य आहे असे मानणाऱ्यांना त्यात अधिक अर्थ सापडत होता, पण तीच माणसे पगार, वेळ आणि सुखसोयी यांवर पाणी सोडायलाही अधिक तयार होती आणि म्हणून त्यांची पिळवणूक होण्याचा धोकाही अधिक होता.

तुमच्या कामाच्या दुसऱ्या टोकाला रुग्ण आहे, तेव्हा नकाराचे कारणही त्याच्याच बाजूने द्या. पाळी १२ तासांपलीकडे लांबली की परिचारिकांच्या हातून चुका होण्याची शक्यता लक्षणीय वाढते, असे अमेरिकेतल्या २००४ सालच्या एका अभ्यासात आढळले होते. केलेल्या प्रत्येक जादा तासाची तारीखवार नोंद ठेवा आणि शक्यतो सहकारी परिचारिकांसह मिळून लेखी निवेदन द्या. एकटीला ओशाळवाणे करणे सोपे असते, दहाजणींना अवघड जाते.

प्रश्न : वय ६७. आयुष्यभर लेथ मशीनवर काम केले, आता निवृत्त आहे. या वयात हेतू वगैरे शोधणे हास्यास्पद नाही का?

उत्तर : मुळीच नाही. पॅट्रिक हिल आणि निकोलस टुरियानो यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६,००० हून अधिक प्रौढांचा १४ वर्षे मागोवा घेतला गेला. आयुष्यात काही हेतू आहे असे सांगणाऱ्यांत त्या काळातले मृत्यूचे प्रमाण कमी होते आणि तरुण असोत वा वृद्ध, नोकरीत असोत वा निवृत्त, हा फरक सर्वांत दिसला. हेतूमुळेच आयुष्य वाढते असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण या वयात हेतू निरुपयोगी असतो, ही शंका तरी त्याने दूर व्हावी.

मोठे काही शोधू नका. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी तुमची वाट पाहणारा एक माणूस पुरेसा आहे. कापणाऱ्या हत्याराचा आवाज ऐकून ते बोथट झाले हे ओळखणारा तुमचा कान कोणत्याही पुस्तकात उतरलेला नाही आणि तो एखाद्या शिकाऊ मुलाला हवा आहे. जवळच्या तंत्रशिक्षण केंद्रात आठवड्याला एक तास विनामूल्य शिकवतो, असे या आठवड्यातच जाऊन सांगा, आणि पहिल्या दिवशी त्या मुलाने काय विचारले ते मला अवश्य कळवा.