बिटकॉइनच्या धर्तीवरच्या लेजरमध्ये स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आणायचे तर ईव्हीएम बसवावं का?

तुमचं लेजर (सगळ्यांनी मिळून सांभाळलेली व्यवहारांची वही) युटीएक्सओ पद्धतीचं, म्हणजे खात्यातल्या शिलकीऐवजी न खर्चलेल्या रकमांची नोंद ठेवणारं आहे, नाणी इकडून तिकडे पाठवण्यापलीकडे आजवर त्यात काही होत नाही, आणि आता स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची (कोडमध्ये लिहिलेल्या, लेजरवर आपोआप अंमलात येणाऱ्या करारांची) मागणी आल्यावर इथेरियमचं ईव्हीएम (कॉन्ट्रॅक्टचा कोड चालवणारं व्हर्च्युअल मशीन) जसंच्या तसं आत बसवावं का, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत: निदान पहिलं पाऊल म्हणून तरी नको. व्हर्च्युअल मशीन कोणतं, हा प्रश्न बराच पुढचा. आधी हे ठरवा, की कॉन्ट्रॅक्टनं लेजरवर प्रत्यक्ष हिशोब करायचा की बाहेर झालेला हिशोब बरोबर आहे का एवढंच तपासायचं. लेजरवरचं काम प्रत्येक नोडला (लेजरची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला) करावं लागतं आणि साठवलेला आकडा प्रत्येक नोडला वागवावा लागतो, म्हणून पुढचं बहुतेक सगळं या निर्णयावर अवलंबून आहे.

बिटकॉइनची स्क्रिप्ट, म्हणजे त्यातली छोटी आज्ञा-भाषा, फक्त तपासते. न खर्चलेल्या प्रत्येक रकमेला एक कुलूप असतं, खर्च करणारा किल्ली पुढे करतो आणि स्क्रिप्ट हो किंवा नाही एवढंच सांगते. तिच्यात लूप (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या आज्ञा) नाहीत, त्यामुळे ती अनंत काळ चालत राहण्याची भीतीच नाही. २०१० मध्ये बिटकॉइनचा निर्माता सातोशीनं ओपी कॅटसकट बरेच ऑपकोड (भाषेतल्या एकेक आज्ञा) सुरक्षेसाठी बंद केले. एवढ्या तुटपुंज्या भाषेत २०१५ मध्ये सीएलटीव्ही आणि २०१६ मध्ये सीएसव्ही ही वेळेची कुलुपं (ठरलेली वेळ येईपर्यंत रक्कम अडवणारी) आली आणि लाइटनिंग नेटवर्क या बिटकॉइनवरच्या झटपट पैसे पाठवण्याच्या थराचे करार त्यांच्या आधारावर उभे राहिले. ही दोन्ही कुलुपं आधीपासून रिकाम्या ठेवलेल्या ऑपकोडच्या जागी बसवली गेली, म्हणून सॉफ्ट फोर्कवर (जुन्या नोडलाही चालणाऱ्या नियमबदलावर) भागलं. जुने नोड बंद पडले नाहीत. तुमच्या भाषेत अशा रिकाम्या जागा आहेत का, ते आजच बघून घ्या. स्क्रिप्टची उणीव दुहेरी आहे: पैसा पुढे कुठे चालला आहे ते तिला जवळजवळ दिसत नाही आणि मागचं काही आठवत नाही.

इथेरियमनं जुलै २०१५ मध्ये दुसरं टोक गाठलं. तिथे खाती आहेत, प्रत्येक कॉन्ट्रॅक्टची स्वतःची साठवण आहे, एक कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला मधेच हाक मारू शकतं. ताकद प्रचंड, पण तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. जून २०१६ मध्ये 'द डाओ' या सामायिक गुंतवणूक-निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले. शिल्लक कमी करण्याआधीच ते पैसे पाठवत होतं, आणि पैसे घेणारं कॉन्ट्रॅक्ट पुन्हा पुन्हा आत येत राहिलं. चूक कोड लिहिणाऱ्यांची, पण अशी चूक सहज घडू देणारी रचना यंत्राचीच होती. जुलैत हार्ड फोर्क (जुन्या नोडला न चालणारा नियमबदल) झाला आणि साखळीच दुभंगली.

दुसरी गोष्ट कमी गाजली, पण तुमच्या दृष्टीनं ती जास्त महत्त्वाची आहे. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हल्लेखोरांनी स्वस्त ऑपकोड हेरले. एक्स्टकोडसाइझ या ऑपकोडसाठी नोडला डिस्क वाचावी लागायची आणि त्याचा दर होता फक्त २० गॅस (गॅस म्हणजे कामाची फी मोजण्याचं एकक). व्यवहार नियमानुसार होते, फी भरलेली होती, तरी नोड रांगायला लागले. ईआयपी १५० या नियमबदलानं तो दर ७०० वर नेला. म्हणजे मशीन बसवणं त्या मानानं सोपं. प्रत्येक क्रियेचा खरा खर्च मोजून त्याचा दर ठरवणं हेच खरं अवघड काम आहे. तुमच्या लेजरवर लोकांचे पैसे आधीपासून आहेत, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

मधला मार्ग मला सर्वांत पटतो. कार्डानो या साखळीनं सप्टेंबर २०२१ मध्ये विस्तारित युटीएक्सओवर कॉन्ट्रॅक्ट सुरू केले. तिथेही स्क्रिप्ट तपासण्याचंच काम करते, पण तिला रकमेला जोडलेली माहिती आणि पूर्ण व्यवहार दोन्ही दिसतं. त्यामुळे करार एका रकमेकडून पुढच्या रकमेकडे आपली अवस्था नेऊ शकतो, आणि व्यवहार पाठवण्याआधीच निकाल व फी कळते. अडचण मोठी आहे, ती लपवणार नाही: एक रक्कम एकदाच खर्च होते. एकाच सामायिक निधीवर शंभर जण एकदम आले तर एकाचा व्यवहार लागतो, बाकीचे परत फिरतात. मग मागण्या गोळा करून एकत्र लावणारे मध्यस्थ उभे करावे लागतात.

ईव्हीएम युटीएक्सओवर बसतच नाही असं मात्र नाही. क्यूटम या साखळीनं २०१७ मध्ये दोघांच्या मधे एक थर घालून ते चालवून दाखवलं. मुख्य लेजरला हात न लावता ते साइडचेनवर (मुख्य लेजरला जोडलेल्या वेगळ्या साखळीवर) नेता येतं. बिटकॉइनसाठी रूटस्टॉक २०१८ पासून तेच करतं. इथे सगळी जोखीम पुलावर (दोन साखळ्यांमध्ये नाणी नेणाऱ्या व्यवस्थेवर) येते. मार्च २०२२ मध्ये रोनिन या साइडचेनच्या पुलावर ९ पैकी ५ किल्ल्या हल्लेखोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. काउंटरपार्टीसारखे, व्यवहारात फक्त मजकूर टाकून बाहेर अर्थ लावणारे थर प्रयोगाला ठीक; पण लेजर स्वतः त्यांचे नियम पाळून घेत नाही.

स्टेलर या लेजरकडे नीट बघा. २०१४ पासून तिथे ठरावीक, अंगभूत क्रियांवरच काम चाललं; सोरोबान ही वेबअसेंब्लीवरची (कोणत्याही यंत्रावर चालणाऱ्या कोडच्या एका स्वरूपावरची) कॉन्ट्रॅक्ट-व्यवस्था २०२४ मध्ये आली. तिच्यात व्यवहार कोणत्या नोंदी वाचणार आणि कोणत्या बदलणार ते आधीच सांगायचं, आणि साठवणीला भाडं. मुदत संपलेली नोंद बाजूला पडते. साठवणीला भाडं लावायचं तर सुरुवातीलाच लावा; फुकटाची सवय झाल्यावर लोक ते मान्य करत नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर आधी वेळेचं कुलूप, अनेक सह्या आणि एस्क्रो (अट पूर्ण होईपर्यंत रक्कम अडवून ठेवणं) हे तीन प्रकार अंगभूत दिले असते. बऱ्याच मागण्या तेवढ्यानंच भागतात. त्यानंतर विस्तारित युटीएक्सओ, त्याची तपासणी-भाषा आणि प्रत्येक क्रियेच्या खर्चाची मोजणी.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: त्याच इनपुटवर सगळ्या नोडचं उत्तर अक्षरशः तेच यायला हवं. एका चाचणी-साखळीवर काम करताना आमचे दोन नोड एकाच ब्लॉकवर वेगवेगळा स्टेट हॅश (लेजरच्या स्थितीचा ठसा) देऊ लागले. दोन दिवस शोधल्यावर कळलं, की गो भाषेतल्या मॅपवर (नाव-मूल्य जोड्यांच्या संग्रहावर) आम्ही लूप चालवत होतो, आणि त्यातला क्रम दर वेळी बदलतो. फ्लोट (दशांशातले अंदाजे आकडे), यंत्राचं घड्याळ, यादृच्छिक आकडे हे सगळं कॉन्ट्रॅक्टच्या आवाक्याबाहेर ठेवा.

एक कळवा: तुमच्या वापरात एकाच करारावर एकाच ब्लॉकमध्ये अनेक जण येणार आहेत का? तसं असेल तर खात्यांच्या पद्धतीचा विचार करावा लागेल आणि माझ्या उत्तराचा अर्धा भाग बदलेल.