बगीच्यातल्या पायऱ्या आणि "पर्यावरणाची परवानगी": ते पत्र अजून दिलं नसेल तर थांबा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि हसावं की रडावं कळेना. बगीच्याच्या खालच्या गेटपासून वरच्या वॉकिंग ट्रॅकपर्यंत तीस-पस्तीस पायऱ्या, आमदार निधीतून पैसे मिळण्यासारखे आहेत, पावसाळ्यात मुरमाच्या पायवाटेवरून दोन ज्येष्ठ मंडळी घसरून पडली, आणि जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणतात "पहिले पर्यावरणाची परवानगी आणा". आणि आता तुमचं मंडळ "कोणती परवानगी लागते ते कळवावे" असं पत्र वरच्या ऑफिसात देऊन राहिलं. नका देऊ. आवकच्या खिडकीपर्यंत पोचला असाल तरी परत फिरा, बाहेर टपरीवर तर्री-पोहे खा आणि हे वाचा.

आमचंही हेच झालं होतं. नागपूरच, पश्चिमेकडचा भाग, बगीच्याचं नाव घेत नाही कारण तिथे मला अजून रोज सकाळी फिरायला जायचं आहे. ४८ पायऱ्या. अर्ज कसा करायचा, एस्टिमेट कोण बनवतं, ठराव कसा लिहायचा हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही.

मी गणिताचा मास्तर, रिटायर्ड. वकील नाही, इंजिनियर नाही, त्यामुळे खाली जे कायद्याचं लिहिलंय ते एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, उद्या माझ्या नावाने खडे फोडू नका. तर मास्तरचा स्वभाव असा की शंका आली की विचारून मोकळं व्हावं. तोच नडला. मी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, मंडळाच्या लेटरहेडवर, "पायऱ्यांच्या बांधकामास पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक आहे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत". "किंवा कसे" लिहिलं म्हणून वर स्वतःवर खूश! तीन महिने काही नाही. मग दीड ओळीचं उत्तर आलं, "सक्षम प्राधिकरणाची मंजुरी प्राप्त करून परिपूर्ण प्रस्ताव सादर करावा". कोणतं प्राधिकरण, कोणत्या कायद्याखाली, किती दिवसात, एक अक्षर नाही. सही मात्र लांबलचक.

आता यातली गंमत बघा. पत्र द्यायच्या आधी आमच्या फाईलमध्ये पर्यावरण हा शब्दच नव्हता. जेई तोंडी बोलला होता, तोंडी गोष्टीला कागद नसतो, दोन चकरा मारल्या असत्या तर तो विसरलाही असता. माझ्या पत्राने तो शब्द फाईलमध्ये घातला आणि उत्तराने त्यावर शिक्का मारला. हिशेबाच्या टेबलावरच्या मॅडमनी ते उत्तर फाईलला टाचलं, "मंजुरी" शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि फाईल बंद करून माझ्याकडे सरकवली, "आणा, मंग बघू". ती पेन्सिलची रेघ मला अजून दिसते. त्या मॅडमचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. चूक त्या ऑफिसची ज्याने दीड ओळ लिहिली. पण त्यांचंही गणित सोपं आहे, "लागत नाही" असं लिहिलं तर जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, "घेऊन या" लिहिलं तर चकरा दुसऱ्याच्या.

मग आम्ही मुंबईच्या कार्यालयाला लिहिलं. तिथून "सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही". ते उत्तर घेऊन मॅडमकडे गेलो तर त्या म्हणाल्या काका, यात मंजुरी दिली असं कुठे लिहिलंय? बरोबर होतं त्यांचं! एक म्हणतो आणा, दुसरा म्हणतो आमच्याकडे मिळत नाही. पहिल्या पत्रापासून १४ महिने गेले आणि तेवढ्यात निधी दुसऱ्या कामाला वळला. कुठल्याशा चौकात त्याचे पेव्हर ब्लॉक लागले म्हणे, मी बघायला गेलो नाही.

आता खरी स्थिती काय आहे ते. ज्याला सगळे "पर्यावरणाची परवानगी" म्हणतात ती १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेतली पर्यावरण मंजुरी. तिच्यात बांधकाम प्रकल्प हा जो प्रकार येतो तो २०,००० चौरस मीटर बांधकाम क्षेत्रापासून पुढे. आमच्या पायऱ्यांचा हिशोब मी फळ्यावर मांडावा तसा मांडला होता. ४८ पायऱ्या, प्रत्येकी ३० सेंमी रुंद पाऊल म्हणजे १४.४ मीटर, मधले तीन टप्पे १.२ मीटरचे म्हणजे ३.६, एकूण १८ मीटर लांबी, गुणिले दीड मीटर रुंदी, २७ चौरस मीटर. कुठे २७ आणि कुठे २०,०००. हे एवढं साधं मी पत्रात विचारायच्या ऐवजी पत्रात सांगितलं असतं तर १४ महिने वाचले असते. माझं सगळं रडगाणं एवढ्यावरच आहे खरं तर.

म्हणजे प्रश्न विचारू नका, माहिती द्या. दुसऱ्या वेळी आम्ही एका पानाचं टिपण केलं. काम काय, क्षेत्रफळ किती, जमीन कोणाची, कामाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरमध्ये किती झाडं आहेत आणि त्यातलं एकही तोडत नाही, पाणी कुठून येतं कुठे जातं, खोदलेला मुरूम कुठे टाकणार, २००६ च्या अधिसूचनेत मंजुरी लागावी इतकं हे काम मोठं नाही. शेवटी "माहितीस्तव व नोंदीस्तव सादर". मागणी एकच, संयुक्त पाहणी करा. पाहणीला उद्यानवाले, बांधकामवाले आणि आमच्यातले चौघे, दहा मिनिटांत झाली, पाहणी अहवालावर तिघांच्या सह्या. तो अहवाल फाईलमध्ये त्या दीड ओळीच्या पत्राच्या वर लागला आणि फाईल सरकली. काम नवीन निधीतून झालं. मॅडमनी यावेळी पेन्सिल उचललीच नाही.

पण याचा अर्थ पर्यावरण वगैरे सगळी कटकट आहे, उडवून लावा, असा घेऊ नका हं. मंजुरी लागत नाही ही एक गोष्ट, विचार करावा लागत नाही ही दुसरी. कायद्याने खरंच अडकाल अशा तीन जागा आहेत आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही.

पहिली जमीन. बगीचा दिसतो म्हणून जमीन बगीच्याची असं समजू नका. मौजा, खसरा नंबर काढा, सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा. नझूल (शहरातली सरकारी जमीन) निघाली तर तो वेगळा खेळ, पण निभतो. "झुडपी जंगल" अशी नोंद निघाली तर तिथेच थांबा. आपल्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांचं हे जुनं दुखणं, खडकाळ मुरमाड जमिनी, ज्यावर झुडपांशिवाय काही उगवत नाही म्हणून जुन्या कागदात तसं नाव पडलं. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने, आपल्या अमरावतीचे गवई साहेब सरन्यायाधीश असताना, या जमिनी वनजमिनीच आहेत असं स्पष्ट केलं. म्हणजे तिथे १९८० चा वन कायदा लागतो आणि वनेतर कामाला केंद्राची पूर्वमंजुरी. मग पायऱ्या ४८ असोत की ४. आमची नोंद सुदैवाने साफ निघाली. पण ती आम्ही सगळ्यात शेवटी बघितली, सगळ्यात पहिले बघायला पाहिजे होती.

दुसरी झाडं. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा नीट वाचा, त्यात झाड "तोडणे" याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येतं. म्हणजे पायासाठी चर खणताना जेसीबीने कडुनिंबाची मांडीएवढी मुळी तोडली आणि वर झाड उभं आहे, तरी तुम्ही सुटत नाही. २०२१ च्या सुधारणेपासून ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची. साठ वर्षांचा निंब म्हणजे साठ रोपं, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती जगवायची कोणी? आमच्या पहिल्या नकाशात पायऱ्या दोन निंबांच्या बरोबर मधून जात होत्या, कागदावर छान दिसायचं. जागेवर जाऊन लोखंडी सळई खुपसून बघितली तर जिथे तिथे मुळ्या. अख्खी लाईन चार मीटर सरकवली. फुकटात झालं, कारण तेव्हा नुसती पेन्सिलची रेघ होती. (हो, पेन्सिल चांगल्या कामाला पण लागते.)

तिसरी पक्षी, त्यांचं कोणी डोक्यात घेत नाही. आमच्या उताराला एका ठिकाणी मुरूम कापलेला, छातीएवढा उभा कडा होता, आणि त्यात अंगठा जाईल एवढी गोल बिळं. आम्हाला वाटलं उंदीर. आमच्यातले एक जण कॅमेरा घेऊन फिरतात, त्यांनी सांगितलं हे वेडे राघू. मार्चमध्ये मी स्वतः बघितलं, हिरवा चिमुकला पक्षी चोचीत माशी धरून तारेवर बसतो, इकडे तिकडे बघतो आणि सुळकन बिळात. बाहेर पडतो तो चोच रिकामी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत धरलंय, हे ठेकेदाराला सांगितलं तर तो हसला, मग मी छापील कलम दाखवलं तेव्हा हसणं थांबलं. फेब्रुवारी ते जून त्यांचा विणीचा काळ, म्हणून खोदकाम दिवाळीनंतर धरलं आणि तो कडा तसाच सोडला. तसंही मेमध्ये मुरूम दगडासारखा होतो आणि मजूर दुपारी बारानंतर उभा राहू शकत नाही, त्यामुळे ठेकेदाराचाही फायदाच झाला.

आणि पाणी, पाणी, पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोण विसरेल, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं. तुमच्या पायऱ्यांनी पूर येणार नाही हे कबूल, पण पायऱ्या म्हणजे पाण्यासाठी आयता पाट, वरच्या ट्रॅकवरचं सगळं पाणी त्यातून धावत खालच्या गेटवर आणि तिथून शेजाऱ्याच्या कंपाउंडमध्ये. वरच्या टोकाला आडवी नाली करा, बाजूने उतरती नाली करा, आणि एस्टिमेटमध्ये नाली वेगळी आयटम म्हणून दाखवा, नाहीतर ती पहिले कापली जाते. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा दगड, पाणी मुरमातून झिरपून दगडावर येऊन थांबतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. आमची खालून नववी पायरी दिवाळीपर्यंत ओली असते, शेवाळ धरते, तिथे मागच्या भिंतीत पाण्याला भोकं ठेवायची राहिली. म्हणून म्हणतो नकाशा करायच्या आधी एकदा भर पावसात छत्री घेऊन त्या उतारावर उभे राहा, इंजिनियरलाही न्या. येणार नाही तो, पण विचारा.

एक गोष्ट लोक पाहणीच्या वेळी काढतातच, व्हीलचेअरचं काय. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, मुद्दा रास्त आहे, त्याला "बघू" म्हणू नका. पण १ ला १२ च्या उताराने आमचा ७.२ मीटरचा चढ चढायचा तर ८६ मीटरचा रॅम्प होतो, विसाव्याचे टप्पे वेगळे, आणि तो झाडं पाडल्याशिवाय बसत नव्हता. आम्ही वरच्या गेटचा उंबरा काढून तिथून सपाट रस्ता दिला. तुमच्याकडे वरून रस्ता असेल तर हाच उपाय स्वस्त.

ते "कळवावे" वालं पत्र जर तुमच्या मंडळाच्या कोणी आधीच देऊन टाकलं असेल (असा एक उत्साही सदस्य प्रत्येक मंडळात असतो, आमच्यात मी होतो) तर उत्तराची वाट बघत बसू नका, लगेच दुसरं टिपण द्या आणि त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक टाकून "सदर पत्र निकाली समजावे" लिहा. फाईल अडली तर २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, एका टेबलावर साधारण ७ कामकाजी दिवसांपेक्षा जास्त फाईल राहू नये म्हणतो. मी तो कधी भांडणासाठी वापरला नाही, नुसता नम्रपणे उल्लेख करतो, पुरतं. माहिती अधिकार टाकायचा तर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, आपल्या राज्यात तसा नियम आहे, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. आणि "माझ्या अर्जाचं काय झालं" असं विचारू नका, "फाईलच्या टिपणी भागाची प्रत द्या" (म्हणजे अधिकाऱ्यांनी आत लिहिलेले शेरे) असं मागा. तिथेही तेच, प्रश्न नको.

अजून एक, रेलिंग स्टीलचं घेऊ नका. आमच्याकडे ठेकेदाराने चकचकीत पाईप लावला, फोटोत फार सुंदर, आणि मेमध्ये दुपारी चारलाही हात लावला तर चटका. म्हातारी माणसं पदर नाहीतर दुपट्टा गुंडाळून धरतात. नंतर आम्ही वर्गणी काढून त्यावर सुतळी गुंडाळली, ती पावसात कुजली, आता परत गुंडाळायची आहे.

तुमच्या जागेचे फोटो टाका, वरच्या टोकाचा नक्की टाका, आणि सातबारा काढला की त्यावर काय नोंद निघाली ते लिहा. खसरा नंबर इथे सगळ्यांसमोर टाकायची गरज नाही.